डिकी धरणारा हात

दिवा असू दे तसाच, विझवू नका. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. त्याने मला एकदाच सांगितली, तीही खाली मान घालून. मी शाळा पाहिली नाही, त्यामुळे सजवून सांगता येणार नाही. झालं तसं सांगतो.

दोन सख्खे भाऊ. गाड्या दुरुस्त करायची त्यांची शेड माझ्या दुकानासमोर होती. थोरला कुलपं, काचा, खटके असली नाजूक कामं करायचा, धाकटा इंजिनाची. एकदा धाकट्याने एका दाराचं कुलूप जोर लावून मोडलं, तेव्हा थोरला चार गिऱ्हाइकांपुढे म्हणाला, "तुझा हात जड आहे. कुलपाला शिवू नकोस."

एवढंच. तिथून अबोला धरला तो नऊ वर्षं. एकाच शेडमध्ये, एकाच पेटीतली हत्यारं वापरून. धाकट्याला पाना हवा असला की तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "त्यांना सांगा, बारा नंबर द्या." गिऱ्हाईक नसेल तर मांजराला सांगायचा. मांजरसुद्धा शेवटी कंटाळून माझ्याकडे राहायला आलं.

पण काम अडत नाही ना कुणाच्या रागासाठी. डिकीचं कुलूप अडकलं की एकाला आत शिरावं लागतं आणि एकाला बाहेरून किल्ली फिरवावी लागते. अशा वेळी हे दोघे पत्र्यावर ठोके देऊन बोलायचे. बाहेरच्याने एक ठोका दिला की आतल्याने खटका दाबायचा. दोन दिले की सोडायचा. तीन म्हणजे झालं, बाहेर ये. आत जायचा धाकटा. आणि तो आत असेपर्यंत थोरला डिकीचं झाकण एका हाताने धरून उभा राहायचा. बोलायचा नाही, पण झाकण धरायचा.

मग थोरला गेला. तीन महिने अंथरुणाला खिळून होता. धाकटा एकदाही भेटायला गेला नाही. त्याने बोलवावं, मग जाऊ, म्हणाला. त्याने बोलावलं नाही.

दिवसपाणी उरकलं आणि वहिनीने मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. थोरल्याची जुनी गाडी शेडमध्येच उभी होती, ती वहिनी स्वतःच चालवत नेणार होती. निघायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये आली आणि म्हणाली, "भाऊजी, सकाळी सहाला निघते. डिकीचं कुलूप फार अडकतं. जमत नसेल तर तसं सांगा, मी बॅगा मागच्या सीटवर टाकीन."

जमत नसेल तर. हे तीन शब्द त्याला मिरचीसारखे झोंबले. मेल्यावरही या माणसाने घरात आपलीच उणीदुणी उगाळून ठेवलीत, असं वाटलं त्याला. सकाळी कुलूप लोण्यासारखं फिरलं पाहिजे, तेही याच हाताने. नाहीतर थोरला कायमचा खरा ठरणार होता.

तारीख एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. रात्री पावणेअकराला त्याने शेडचं शटर खाली ओढलं आणि आतून कडी घातली. कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये म्हणून. डिकी उघडून पाहिलं, तर कुलपात वर्षानुवर्षं तेल ओतलेलं, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. तो पुटपुटत राहिला. हा दुसऱ्यांना सांगायचा, कुलपात तेल घालू नका, पेन्सिलीचं शिसं घाला. स्वतःच्या गाडीला मात्र तेल. मोठा आला कारागीर.

कुलूप साफ करून बसवलं. किल्ली बाहेर कुलपातच ठेवली, बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खटका बघायला आत शिरला.

आणि तिथे चुकला. त्या गाडीचं झाकण आपोआप वर राहत नाही, खाली काठी लावावी लागते. त्याने आयुष्यात काठी लावली नव्हती. झाकण धरायला माणूस असायचा.

धाड्.

मागच्या सीटकडे पत्रा. वर झाकण. त्याने खटका दाबून पाहिला, पण बाहेरून किल्ली फिरल्याशिवाय तो सुटणार नव्हता. लाथा मारल्या. ओरडला. थोरल्याला नाही नाही ते बोलला. अर्ध्या तासात घसा बसला, बॅटरी पिवळी पडली. हवा जड झाली. सकाळचे सहा आपल्याला दिसत नाहीत, हे त्याला कळलं.

तेव्हा बाहेरून आवाज आला.

टक्.

एक.

"कोण आहे?" त्याने विचारलं.



मग त्याला आठवलं. शटरला आतून कडी होती...

टक्.

माणसाला भीती वाटावी ना? याला आधी संताप आला. इथेही तोंड उघडायचं नाही? इथेही हुकूमच? त्याने ठरवलं, मरेन, पण दाबणार नाही. आणि झाकणाला तोंड लावून नऊ वर्षांचं सगळं बाहेर ओकला. चार माणसांत माझी लाज काढलीस. अंथरुणावर पडलास, एक निरोप नाही धाडलास. माझा हात जड, आणि तुझी जीभ?





बॅटरी विझली.

...टक्.

या वेळी अगदी हळू. त्याने अंधारात स्क्रू ड्रायव्हर चाचपला. खटक्यावर ठेवला. रागानेच दाबला.

बाहेर किल्ली फिरली. अडली.

टक् टक्. सोड.

पुन्हा एक. पुन्हा दाबला, ताकद लावून.

टक् टक्.

घामाने बोटं निसटत होती. तिसऱ्यांदा त्याने दाबलं, ते झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खुळखुळा काढावा तसं.

किल्ली फिरली.

टक्... टक्... टक्.

झाकण वर गेलं. वरच राहिलं. खाली काठी नव्हती. माणूस नव्हता. तो एक पाय बाहेर काढून थांबला. झाकण हललं नाही. दुसरा पाय काढला, जमिनीवर उभा राहिला. मग झाकण हलकेच खाली आलं. कुणी टेकवावं तसं.

शटरची कडी जागेवर होती.

तो रिकाम्या शेडमध्ये ओरडला, "आता तरी बोल ना, दादा."

...

सकाळी सहाला वहिनी आली. याने किल्ली फिरवून दाखवली, कुलूप एका बोटाने उघडलं. तिने बॅगा ठेवल्या, झाकण लावलं आणि थबकली. तीन महिने उभ्या गाडीवर धुळीचा थर होता. झाकणावरच्या धुळीत दोन तळहात उमटले होते. पसरलेले, भार देऊन टेकलेले. आणि दोन्हींच्या मधोमध एक गोल जागा, कपाळाएवढी.

"भाऊजी, इथे कोण वाकलं होतं हो?"

तिने पदराने धूळ पुसली. धूळ गेली.

ठसा गेला नाही. त्या गाडीला नंतर दोनदा रंग दिला. वहिनी कधी इकडे येते, तेव्हा मी स्वतः पाहिलंय. ऊन तिरकं पडलं की अजून दिसतो.