अठरा फुटांवर

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा, आणि मी काढलेले फोटो मात्र कायम धूसर. थोरल्या भावाला हे चारचौघांत सांगायला फार आवडायचं. पाणपक्ष्यांच्या फोटोंत दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. माझा फोटो तो मोठा करून बघायचा आणि पक्ष्याच्या डोळ्यावर बोट ठेवायचा. "हा बगळा आहे की वाळत घातलेला टॉवेल?"

त्या हंगामात मी हट्टाला पेटलो. दादाचीच एक जुनी लेन्स मागून घेतली आणि पाणीपुरवठ्याच्या तलावावर रोज सकाळी सातला जाऊ लागलो. ऊन पाठीशी, ट्रायपॉड जमिनीलगत, मी काठावर पालथा. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर. पक्षी मधोमध न घेता कडेला घ्यायचा आणि तो बघतो त्या बाजूला जागा सोडायची, हेही पाठ केलं होतं.

फाटकावरचा रखवालदार माझ्यावर खार खाऊन होता. "या कोपऱ्यात बसू नका. पक्षी इथे येत नाहीत."

"समोर दिसतायत की."

"लांब आहेत," तो म्हणाला आणि तोंड फिरवून चालता झाला.

लांब होते खरे. बगळा साठेक फुटांवर उभा होता. मी त्याच्या डोळ्यावर नेम धरला, फोटो काढला. बगळा धूसर. त्याच्या बराच अलीकडे पाण्याचा एक पट्टा मात्र कोरल्यासारखा स्वच्छ. लेन्सच्या आपोआप फिरणाऱ्या कड्यावर अंतराचा आकडा होता चाळीस फूट. दहादा काढला. दहाही वेळा चाळीस.

दुकानात अक्षरांचा तक्ता लावून, टेपनं अंतर मोजून लेन्स तपासली. एका इंचाचीही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी आकडा एकतीस आला. तिसऱ्या दिवशी चोवीस. त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. टिबुकल्या सरळ पोहत यायच्या आणि मोकळ्या पाण्यातच एका जागी वळसा घालून पुढे जायच्या. खडकावरचे पाणकावळे सगळे माझ्याकडे तोंड करून बसले होते. नीट पाहिलं, तर माझ्याकडे नाही. माझ्या जरा पुढे, पाण्यात.

चौथ्या दिवशी दादाला घेऊन गेलो. आकडा अठरा.

त्यानं स्वतः करून पाहिलं. अठरा. पुन्हा अठरा. तो भडकला. "आपटलीस ना लेन्स?"

"नाही रे."

"मग पाण्यात काय माणूस उभाय?" त्यानं पँट वर दुमडली. "मी जातो तिथे. माझा फोटो काढ. खोट लेन्समध्ये आहे की तुझ्यात, एकदाच कळू दे."

"दादा, राहू दे."

"भित्रा तो भित्राच."

मी त्याला धरून ठेवू शकलो असतो. खोटं का बोलू, तो पाय ओले करणार याचं मला बरं वाटलं.

रखवालदार फाटकातून ओरडला, "ओ, बाहेर या!" मग दादा किती आत गेलाय ते त्याला दिसलं असावं. तो पुन्हा ओरडला नाही.

पाणी गुडघ्याइतकंच होतं. दादा मोजून पावलं टाकत गेला, वळला आणि हसला. "काढ!"

मी बटण दाबलं. कडं फिरलं नाही. ते आधीच अठरावर होतं.

दादाचं हसू थांबलं.

तो किंचित उजवीकडे सरकला. रांगेत कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की आपण सरकतो, तसा.

खाली पाण्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"दादा?"

तो बाहेर आला. ओल्या पायांनीच गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या सकाळी बगळा माझ्यापासून दहा फुटांवर येऊन उभा राहिला. कडं सरळ त्याच्या डोळ्यावर थांबलं. पापणीची कडासुद्धा वेगळी दिसेल असा फोटो. परतताना रखवालदारानं पहिल्यांदाच हात केला. "आता बसा कुठेही," तो म्हणाला. "तुमचे भाऊ कसे आहेत?"

मी फोटो छापून दादाच्या घरी नेला. वहिनीनं दार उघडलं. दादा जेवणाच्या लांब टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, किंचित उजवीकडे सरकून बसला होता. फोटोकडे त्यानं पाहिलं नाही. "ठेव तिथेच," म्हणाला. आवाज त्याचाच होता.

"भावजी, बसा ना," वहिनी म्हणाली, पण खुर्ची दाराजवळची पुढे केली. चहा आणला. नळ गळतो, प्लंबर फोन उचलत नाही, असं काहीबाही बोलत तिनं दादाचा कप टेबलाच्या अलीकडच्या टोकावर ठेवला, फ्रिजमागून एक लांब लाकडी पट्टी काढली आणि बोलणं न थांबवता, सांडू न देता, कप हळूहळू त्याच्यापर्यंत ढकलत नेला.