लेनेचा झुला

दिवा मोठा नको करूस, ईप्सिता. एवढा उजेड पुरे. आणि हृषिकेश, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, बाबा. ही गोष्ट आपल्या सुरुचीची. तीच, बाड हॉम्बुर्गची, दरवर्षी आपल्या इथल्या जर्मनीतल्या मंडळाचे मोदक करणारी. तिने मला सांगितली तशी सांगतो.

सोळा सप्टेंबर दोन हजार पंधरा, बुधवार. हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे आणि मंडळाचं मखर अजून डोंगराकडच्या त्या खेड्यातल्या कोठारात पडलेलं. ते आणायचं काम ओजसचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. तो ऑफिसातून दमून आला आणि इथल्या लोकांसारखं "आल्झो", म्हणजे "तर मग", करत म्हणाला, "सकाळी आणतो ना." झालं! सुरुची भडकली. नवऱ्यासाठी निर्जळी उपास आणि नवऱ्याशीच अबोला. तो लेकीला, इराला, निजवायला आत गेला तशी हिने किल्ली उचलली आणि न सांगता गाडी काढली.

कोठाराची कथा तिला ठाऊक होती. मीच सांगितलेली. पूर्वी तिथे एका फिरत्या सर्कशीचा हिवाळी मुक्काम असायचा. एकोणीसशे एकतीस सालची मंदी. लोक तिकिटाऐवजी बटाटे घेऊन यायचे. मालकाने हत्ती विकला, तंबू विकला, शेवटी झुल्याखालची जाळीही विकली. त्या सर्कशीत आपला तासगावकडचा एक गंगाराम होता. हातांना राळ चोळून झुल्याला उलटा लोंबकळून झेलणारा. आणि समोरच्या झुल्यावरून झेपावणारी लेने, इथलीच, जर्मन. दोघांचं जमलं होतं. तुला हिरव्या बांगड्या भरीन आणि गावी नेईन, असं त्याने तिला कबूल केलं होतं. रोज तो मराठीतच हाक द्यायचा, "सोड, मी हाय!" आणि ती हात सोडायची.

एका रात्री भांडण झालं. तो एकटाच घरी निघाला होता. पुढच्या साली नेतो म्हणाला. लेने तशीच वर चढली. त्याने हाक दिली. तिला त्याचा भरवसा वाटला नाही. तिने हात सोडले, पण उशिरा. खाली जाळी नव्हती.

त्यानंतर तोही गावी परतला नाही म्हणतात. दोन्ही झुले अजून आढ्याला आहेत. काढायला कोणी धजलं नाही.

तर सुरुची पोहोचली तेव्हा नऊ वाजून गेले होते. कोठारातला दिवा लागेना. मोबाइलचा टॉर्च लावून तिने तो जमिनीवर ठेवला, माळ्याला शिडी टेकवली आणि चढू लागली. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही. वरच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने माळ्याची तुळई धरली आणि पायाखालची शिडी निसटली.

खाली दोन मजले. सिमेंटची जमीन.

"ओजस!" ती ओरडली. मग आठवलं... ओजसला कुठे माहीत होतं?

बोटं घसरत होती. सकाळी इरा उठेल. आई कुठेय म्हणून विचारेल.

कुर्र... कुर्र...

दोर. तिच्या पाठीमागे.

मानेवर वारा आला. गेला. पुन्हा आला. राळेचा वास. कोणीतरी झोका घेत होतं.

खाली मोबाइल विझला.

"सोड."

मराठीत. कानाशी.

उजवा हात सुटला. डाव्याची बोटं उरली.

"सोड गं... मी हाय."

लेनेला भरवसा वाटला नव्हता... सुरुचीने डोळे मिटले.

कुर्र...

तिने सोडलं.

मनगटांवर दोन हात. गार. घट्ट.

एक लांब झोका... आणि पायांखाली जमीन.

ती घरी आली तेव्हा ओजस इराला खांद्यावर घेऊन दारातच उभा होता. सगळ्यांना फोन करून झाले होते. "अगं, होतीस कुठे?" सुरुचीच्या तोंडून एवढंच निघालं, "पाणी दे." पेला त्यानेच तिच्या ओठांना लावला. उपास मोडला, अबोलाही. मग रडत रडत तिने सगळं सांगितलं.

तेव्हा ओजसचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. सकाळी दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या होत्या, साबण लावल्याशिवाय न निघणाऱ्या. आता पाच-पाच. मनगटावर साधा ओरखडासुद्धा नाही.

सकाळी ओजस आणि मी कोठारात गेलो. शिडी आडवी पडली होती. जमिनीवर काचेचा कण नाही. मखरासाठी ओजस माळ्यावर चढला आणि तिथेच थांबला. मग मला म्हणाला, "काका, वर या."

समोर लेनेचा झुला होता. दांड्याच्या दोन्ही टोकांना दोराच्या जुन्या गाठी. गाठींवरची धूळ, कोळिष्टकं, जशीच्या तशी.

आणि दांड्यात ओवलेल्या दोन हिरव्या बांगड्या. अखंड. जिथे लेनेचे हात असायचे, तिथे एक-एक.