पहिली ओंजळ पाटीला

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं. साहेबही हसला होता.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या, चांगुणाच्या डोळ्यांदेखत घडलं. साल १९८६, मे महिना, लातूर. रात्र नव्हती. भर दुपारचे बारा.

जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली. नव्या जिल्ह्याला संग्रहालय हवं, म्हणून भाड्याची एक खोली घेतली होती. जिल्हा नवा, खुर्ची नवी. तिथल्या साहेबाचा माज तेवढा जुना. मावशी तिथं पाणी भरायची. पाणी टँकरचं. त्यातली एक घागर रोज घरी न्यायची मुभा होती. त्या घागरीवर तिची तीन लेकरं होती.

औशाकडच्या आटलेल्या तळ्यात रोजगार हमीचं काम चालू होतं. तिथं मजुरीला असलेल्या सरजाबाईच्या कुदळीला भाजक्या मातीची पाटी लागली. तळहाताएवढी. वर बारीक अक्षरं. कुणालाच न वाचता येणारी.

पाटी घेऊन सरजाबाई स्वतः संग्रहालयात आली. मावशीला म्हणाली, "बाई, आमी प्यायच्या आधी हिच्याम्होरं ओंजळभर पाणी भुईवर सोडत होतो. तू बी सोड."

आणि गुणगुणली...

*पहिली ओंजळ भुईला, जिच्या कुशीत निजायचं,*
*दुसरी माझ्या घशाला, मग उन्हात झिजायचं.*

मावशी रोज ओंजळ सोडू लागली. आठव्या दिवशी साहेबानं पाहिलं.

"मातीला तहान लागते का गं, अडाणी? पुन्हा दिसलीस तर घरी बसवीन."

मावशीनं ओंजळ सोडणं बंद केलं.

दुसऱ्याच दुपारी... गट्... गट्...

कुणीतरी पाणी पीत होतं.

खोलीत कुणीच नव्हतं.

सकाळी भरलेला रांजण कोरडा. सांडल्याचा डाग नाही. रांजणाच्या अंगावरची ओलसुद्धा नाही.

तीन दिवस असंच.

"चोरून विकतेस!" साहेब ओरडला. "उद्या मी स्वतः बसतो रांजणाजवळ. मग बघ, नोकरी राहते का तुझी."

"बसा की, साहेब. पर ओंजळ सोडून बसा. पाया पडते."

तो थुंकला. नेमका पाटीपुढं.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यानं आतून कडी लावली. मावशी दाराबाहेर उभी.

गट्... गट्... गट्...

मग साहेबाचा आवाज. "पाणी... चांगुणाबाई, पाणी..."

'बाई' म्हणाला! पहिल्यांदाच.

मावशीनं दार ढकललं. आतली कडी आपोआप निघालेली, ते नुसतंच लोटलेलं होतं.

रांजण काठोकाठ भरलेला. साहेब त्यात तोंड घालून पीत होता. घोटावर घोट. ओठ फुटलेले, जीभ कोरडी...

आणि रांजणातलं पाणी बोटभरही उतरत नव्हतं.

पुढं त्यानं हातापाया पडून नांदेडला बदली करून घेतली. गोदावरी जवळ, म्हणून. तिथंही म्हणे उशाला तीन घागरी लागायच्या. कीव? मला नाही येत.

मावशीची नोकरी शाबूत राहिली. ओंजळही.

मागच्या महिन्यात मी ती पाटी बघायला गेलो. आता काचेआड आहे. ओंजळ सोडायचं मनात आलं होतं. पण चार माणसं बघत होती. शिकलेला माणूस मी... लाज वाटली.

बाहेर येऊन पाण्याची नवी बाटली काढली. झाकणाचं सील तसंच होतं.

बाटली रिकामी.

तेव्हापासून उशाला एक तांब्या ठेवतो.

काल दुसराही ठेवला.