टाकीतला न हललेला चिखल

टाकीतल्या चिखलाची पातळी अर्ध्या तासात बोटभरही हलली नव्हती. आणि नेमक्या त्याच कारणावरून ऋजुलाच्या आत्याने भर समुद्रातली विहीर खोदायचं काम थांबवलं. ते असं झालं.

साल २०५८. आत्या, तन्वी तांडेल, वायूच्या विहिरीवर ड्रिलर होती, म्हणजे खोदकाम चालवणारी. अकरा वर्षांच्या ऋजुलाला एक दिवस रिगवर, म्हणजे खोदकामाच्या समुद्रातल्या फलाटावर, आणायची परवानगी तिला सात महिन्यांत, म्हणजे तातडीने, मिळाली होती. मदतीला अचूक नावाचा यंत्रमानव होता. नाव त्याने स्वतःच सुचवलं होतं.

"एवढा चिखल कशाला गं?" ऋजुलाने विचारलं.

"हा साधा चिखल नाही. माती, पाणी आणि जड दगडाची पूड कालवून करतात. पोकळ पाइपातून तो खाली ढकलायचा. पाइपाच्या बाहेरून तो वर येतो, दगडाचा चुरा घेऊन, आणि परत टाकीत पडतो. शिवाय त्याच्या वजनाने खालचा वायू दबून राहतो."

"आणि वजन कमी पडलं तर?"

"वायू विहिरीत शिरतो (याला 'किक' म्हणतात) आणि चिखलाला वर रेटतो. मग पाठवला त्याहून जास्त परत येतो. टाकी वाढली की समजायचं, खाली पाहुणा आलाय."

"पातळी स्थिर," अचूक म्हणाला. "पाहुणा नाही."

ऋजुला कठड्यापाशी गेली. खाली चिखल कालवणारे इनासकाका त्याच टाकीतून नळीने चिखल पलीकडच्या टाकीत घेत होते.

"काका, काय करताय?"

"नवा चिखल कालवायचाय, बाय. विरजणाला थोडा जुना घेतला. अर्धा तास झाला."

ऋजुला परत आली. "आत्या, काका टाकीतून काढतायत. तरी पातळी तेवढीच. मग भरतंय कोण?"

आत्या यंत्राकडे वळली. फिरता पाइप थांबवला, थोडा वर उचलला, पंप बंद केला. आता विहिरीतून काहीच यायला नको होतं.

चिखल येतच राहिला.

आत्याने बटण दाबलं. विहिरीच्या तोंडावरची भक्कम झडप (बीओपी) मिटली. रिगवर त्रेचाळीस माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना काही झालंय हे जेवताना कळलं.

"इनास! टाकीला हात लावायच्या आधी ड्रिलरला सांगायचं, हे किती वर्षं शिकवायचं?"

"अचूकला दिसत असेल वाटलं."

"तक्त्यात 'कुणी काढलं' हा रकाना नव्हता," अचूक म्हणाला. त्याच्या आवाजात प्रथमच किंचित माणूस होता.

मग जड चिखल कालवला, हळूहळू आत सोडला. शिरलेला वायू बाजूच्या नळीने बाहेर काढून दूर टोकाला जाळला. संध्याकाळपर्यंत विहीर शांत झाली.

चहाला सगळे जमले. अचूक किटलीपाशी थांबला. "एक शंका. एकोणीस जणांनी चहा घेतला. पातळी तीच आहे."

"मग कुणीतरी भरतंय," ऋजुला म्हणाली.

सगळ्यांनी स्वयंपाक्याकडे पाहिलं. त्याने हातातला पाण्याचा जग पाठीमागे नेला.

"शिकतोय," आत्या म्हणाली. ती अचूकबद्दल बोलत होती.