संग्रहालयात मराठी

शनिवारी सकाळी अकरा वाजता सबनीस कुटुंब पंजाब विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात शिरलं. फाटकावर पोलिसांनी मीनाक्षीबाईंची पिशवी तपासली, डबा उघडून शंकरपाळेसुद्धा हलवून पाहिले. साल अठ्ठ्याऐंशी. चंदिगडात त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

बाळकृष्ण सबनीस केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. पेपरात रोज अतिरेक्यांच्या बातम्या वाचून त्यांनी ठरवून टाकलं होतं – मुलीचं, सुमेधाचं एम.ए. इथे नको, नागपूरला मामाकडे. बुधवारचं तिकीटही काढून झालं होतं. "निदान विद्यापीठ तरी बघू द्या," एवढंच तिने मागून घेतलं होतं.

आत एका चित्रासमोर आकाशी पगडीतला उंच तरुण काहीतरी टिपून घेत होता.

मीनाक्षीबाई घराबाहेर नेहमी बोलायच्या तशाच बिनधास्त मराठीत बोलल्या, "सुमे, इकडे ये. त्या सरदाराजवळ नको उभी राहूस. कोण कसा असेल, काय सांगावं..."

"दिसायला मात्र छान आहे गं," सुमेधा म्हणाली. आईला चिडवायलाच म्हणाली. पण निम्मं खरंही होतं.

तरुणाने पेन्सिल खिशात ठेवली. "काकू, मी सरकतो की बाजूला. तिथं पायरी आहे, बघून या."

मीनाक्षीबाईंना कुठे बघावं कळेना. बाबांनीच विचारलं, "तुम्ही... मराठी?"

"नांदेडचा. जगदीपसिंग. चार पिढ्या तिथंच गेल्या आमच्या. इथं इतिहासात पीएच.डी. करतोय."

आईबाबा ओशाळून घाईघाईने पुढच्या दालनात गेले. सुमेधा मागे राहिली.

"सगळं ऐकलंत?"

"पहिलं विसरलो. दुसरं राहिलं लक्षात."

"ते आईला चिडवायला होतं."

"मग चिडवा की पुन्हा... मी इथंच आहे."

ती हसली. "राग नाही आला?"

"कुठंकुठं रागवायचं? इथले म्हणतात, तुझी पंजाबी मराठी वाटते. तिकडं रेल्वेत लोक पगडी बघून जागा बदलतात." त्याने खांदे उडवले. "हे विद्यापीठ तरी कुठं इथलं? फाळणीत लाहोरहून आलं. रुजलंच ना?"

"मला मात्र बुधवारी उपटून नेतायत."

तो तिच्याकडे बघत राहिला – जरा जास्तच वेळ. "मी आज लुधियान्याला मावशीकडं चाललोय. मंगळवारी सकाळी अकराला गांधी भवनाच्या तळ्याकाठी... याल?"

"घरी काय सांगू?"

"खरं ते. मराठी मुलाला भेटायला चाललेय म्हणा."

रविवारभर तिचं कशात लक्ष लागेना. कपडे बॅगेत भरायची, पुन्हा काढून कपाटात ठेवायची. संध्याकाळी ती बाबांसमोर जाऊन बसली.

"बाबा, मला इथेच शिकायचंय. आणि कारण फक्त विद्यापीठ नाही. मंगळवारी अकराला जगदीपसिंगने तळ्याकाठी भेटायला बोलावलंय."

स्वयंपाकघरातून मीनाक्षीबाई म्हणाल्या, "अर्ध्या तासाची ओळख, आणि..."

"तू तर मला पंधरा मिनिटांत हो म्हणाली होतीस," बाबा म्हणाले. मग सुमेधाकडे वळले. "मंगळवारी मीही येतो. तो आला, तर बोलेन त्याच्याशी. नाही आला, तर बुधवारी तू गाडीत बसायचंस. कबूल?"

"कबूल."

सोमवारी पंजाबात बंद पुकारला गेला. लुधियान्याच्या बस थांबल्या. मावशीचा पत्ता सुमेधाने विचारलाच नव्हता.

मंगळवारी बापलेक तळ्याकाठी बसले. उकाड्याने जीव नकोसा होत होता. रस्त्यावर सायकल दिसली की सुमेधा उठायची, पुन्हा बसायची. अकरा वाजले. साडेअकरा झाले.

"कबूल केलं होतंस," बाबा हळूच म्हणाले.

"तो येतोय बाबा. वाटेत असेल."

बाबा उठले, गांधी भवनाच्या ऑफिसात जाऊन सेक्टर सतराच्या बसस्टँडवर फोन करून आले. "बंदनंतरची पहिली बस लुधियान्याहून सुटलीय. वाटेत तपासणी चाललीय. आत कोण आहे, ते त्यांना नाही सांगता येत."

"कधी पोचेल?"

"तेही नाही."

बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि "बस येईपर्यंत थांबू," म्हणत ते तिच्याशेजारी बसले. बारा वाजून गेले होते. जगदीपसिंगचा अजून पत्ता नव्हता.