सातव्या प्रश्नाचं उत्तर

राखेच्या बुधवारी आमची पहिली गाठ पडली ती एका चुकीमुळे, आणि चूक माझी होती.

चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, करून मी थेट कामावर आले होते. कपाळावर उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी लावतात तो राखेचा क्रूस, मनात चाळीस दिवस साखर सोडण्याचं व्रत. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलमध्ये माझी खिडकी आहे. पगार घेऊन नगरसेवकांपुढे कुणाची तरी बाजू मांडणारे जे लॉबिस्ट, त्यांची नोंदणी तिथे होते. बहुतेक जण ती घरी बसून कॉम्प्युटरवर उरकतात. म्हणून पावसात निथळणारा एक उंच तरुण समोर उभा राहिला, तेव्हा मला नवल वाटलं. त्याच्याही कपाळावर काळा डाग होता.

"तुम्हीही सकाळीच जाऊन आलात वाटतं?" मी हसून विचारलं.

"कुठे?"

"चर्चला... ही राख—"

त्याने कपाळाला बोट लावून पाहिलं. "राख नाही हो, माती आहे. वाटाण्याचे वाफे करत होतो."

मी लाजून अर्जात डोकं घातलं. इलायस यार्नल. मोकळ्या सरकारी जागांवर वस्तीतल्या लोकांनी फुलवलेल्या अकरा बागा, त्यांच्या संघाचा तुटपुंज्या पगारावरचा एकुलता एक माणूस.

"खालची 'शपथ घेतो' ही ओळ खोडून 'खरं सांगतो' लिहिलं तर चालेल?" त्याने विचारलं. "आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. शपथ घेत नाही. आजी म्हणते, शपथ घेऊन खरं बोलायचं, तर बाकीच्या दिवशी काय बोलायचं?"

नियमात ते बसत होतं. पण कॉम्प्युटरवर 'शपथ घेतो' एवढी एकच कळ होती, त्यामुळे दर तीन महिन्यांचा अहवाल द्यायला तो स्वतः येऊ लागला. कधी हातात मुळ्याची जुडी, कधी टोमॅटो.

"लॉबिस्टकडून मला मुळासुद्धा घेता येत नाही," मी सांगायची.

"मग नुसता वास घ्या." आणि तुळशीसारख्या पानांची डहाळी तो खिडकीच्या फटीशी धरायचा.

"वासाची नोंद कुठल्या रकान्यात करायची गं, मेना?" मागून डोलोरेसबाई ओरडायच्या. त्या माझ्या वरिष्ठ. सगळ्यांदेखत मला मेना म्हणायच्या. माझं पूर्ण नाव, फिलोमेना, फक्त रागावल्यावर.

जेवणाच्या सुट्टीत मी अंगणातल्या बाकावर जपमाळ ओढते. जूनमध्ये तो बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन बसला. "अडथळा तर नाही ना?" मी मान हलवली. माळ पूर्ण होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. इतकं छान गप्प बसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

ती कळ बदलायला हवी, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एका माणसाला उगाच पावसापाण्यातून यावं लागत होतं. तरी वरती चिठ्ठी लिहायला मी सहा महिने लावले! पाद्रीबाबांजवळ त्याची कबुलीही दिली. शेवटी लिहिली. डिसेंबरात 'खरं सांगतो' अशी दुसरी कळ आली... आणि जानेवारीचा त्याचा अहवाल कॉम्प्युटरवरून आला.

"काय झालं गं तुला?" डोलोरेसबाईंनी विचारलं.

"काही नाही."

हे 'काही नाही' मी इतक्यांदा म्हणाले, की यंदा राखेच्या बुधवारी साखरेऐवजी तेच सोडायचं ठरवलं. चाळीस दिवस, विचारणाऱ्याला 'काही नाही' म्हणून टाळायचं नाही.

वार्षिक नोंदणीची मुदत नेमकी त्याच दिवशी पाचला संपत होती. बागा विकायच्या की ठेवायच्या याची सुनावणी दुसऱ्या दिवशी. नोंदणी नसेल, तर त्याला बोलता येणार नव्हतं. चार वाजले तरी त्याचा अर्ज नाही. माझा जीव खालीवर.

चार चाळीसला तो खिडकीशी आला. हातात कागद, कपाळावर माती.

"आता तर तुमच्यासाठी कळ आहे," मी म्हणाले.

"हो. कुणी बसवून घेतली?"

"मी."

"मी येऊ नये म्हणून?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

मग त्याने कागद पुढे सरकवला. "सातव्या प्रश्नाशी अडलोय."

सातवा प्रश्न: महापालिकेतल्या कुणा कर्मचाऱ्याशी तुमचा जिव्हाळ्याचा संबंध आहे का? हो की नाही. रकाना कोरा.

"गेल्या वर्षी 'नाही' लिहिलं होतंत."

"तेव्हा ते खरं होतं." त्याचे कान लाल झाले. "यंदा 'नाही' लिहिलं तर खोटं होईल. आणि 'हो'... ते एकट्याने लिहिण्यासारखं नाही."

"कोरा ठेवलात तर अर्ज बाद होईल. बागा जातील!"

"कोरा नाही ठेवणार. तुम्ही नको म्हणालात, तर 'नाही' लिहून निमूट जाईन. पण विचारल्याशिवाय कसं लिहू? दुपारपासून त्या बाकावर धीर गोळा करत बसलोय."

घड्याळ पुढे सरकत होतं.

"मेना, काय चाललंय तिकडे?" डोलोरेसबाईंची हाक.

'काही ना—' जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं.

"डोलोरेसबाई, इकडे या. या माणसाची फाइल आता मला हाताळता येणार नाही."

"का?"

"जिव्हाळ्याचा संबंध आहे," मी म्हणाले. आवाज इतका हळू, की मलाच जेमतेम ऐकू आला. पण त्याने ऐकला. पेन उचलून 'हो'वर खूण केली.

"अगं बाई, एकदाचं सांगितलंत!" डोलोरेसबाईंनी शिक्का हाणला. "मला वाटलं, मी निवृत्त झाल्यावर सांगाल!"

त्याने खिशातून काचेखालच्या वाफ्यातला एक इवलासा मुळा काढला. "हा... आता चालेल?"

"माझ्याकडे काय बघतोस? संबंध लिहून दिलायस ना? मग बसतो नियमात," डोलोरेसबाई म्हणाल्या. "धुऊन खा म्हणावं."

"आज माझा उपवास आहे," मी म्हणाले.

"मग उद्या? सुनावणी झाल्यावर... बाकावर?" आणि हळूच, "येशील?"

दुसऱ्या दिवशी तो बोलला. अकराही बागा विक्रीच्या यादीतून निघाल्या. मी बाकावर माळ पूर्ण केली, तोवर तो शेजारी गप्प बसला होता. या खेपेस दुसऱ्या टोकाला नव्हे. मग मी मुळा चावला, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय झालं?" तो घाबरला.

"काही—" मी ओठ मिटले. "तिखट आहे," मी म्हणाले. "पण मला फार आवडला."