शीतगृहाची दोन कुलपं

"मुकादमबाईंना आज काढायचंच आहे," शेताच्या दोन मालकांपैकी मोठ्या भावाने ठणकावलं. "शेजाऱ्यांनी फितवलंय त्यांना. तुम्ही फक्त पुरावा द्या."

भाचीच्या मदतीला आलेले मामा खूश झाले. चोर आयता मिळाला, म्हणजे जेवायला घरी. पण त्यांची गुप्तहेर भाची अजून शीतगृहाच्या दाराकडेच बघत होती.

शेती स्ट्रॉबेरीची, दोन भावांच्या भागीदारीतली. मोठ्या दुकानांकडून माल परत येत होता, कारण दोन दिवसांत फळ मऊ पडायचं. शेजारच्या कंपनीची रोपं तीच, पाणी तेच, ट्रकही तोच. तरी त्यांचं फळ पाच दिवस टिकायचं. आणखी एक खेप परत आली की करार शेजाऱ्यांकडे जाणार होता.

"गुरुवारचा माल मात्र कधीच परत आलेला नाही," परतीच्या चिठ्ठ्या चाळत भाची म्हणाली.

"गुरुवारी बाईंना दया येत असेल," मोठा भाऊ फणकारला.

दाराला दोन कुलपं होती. एका भागीदाराने दुसऱ्याशिवाय माल हलवायचा नाही, असं वकिलाने भागीदारीपत्रातच घातलं होतं. आपलं कुलूप आपण सातच्या ठोक्याला काढतो आणि फवारणीला जातो, हे मोठ्याने अभिमानाने सांगितलं.

मुकादमबाई पंधरा वर्षं इथे होत्या. "सहाला तोडणी, सातला वजन, मग क्रेट व्हरांड्यात," त्या म्हणाल्या. "पुढे दार उघडणं मालकांचं काम. मी फळ नासवीन होय, ताई?"

हे ऐकून मामांना जेवणाचा विसर पडला.

दाराशेजारी तापमापकाची कागदी तबकडी होती. आतलं तापमान सुई त्यावर शाईने आठवडाभर रेखायची. मामांना त्यात नुसत्या टेकड्या दिसल्या. भाचीने त्या मोजल्या, वेळा टिपल्या आणि धाकट्या भावाची वाट बघायची ठरवली. तो शहरात दातांचा डॉक्टर होता.

साडेबाराला तो धावतपळत आला. "मी रोज येतो," तो म्हणाला. "एक दिवस चुकवलेला नाही. विचारा दादाला." आणि त्याने आपलं कुलूप काढलं.

"आता सगळे सुईकडे बघा," भाची म्हणाली.

दार उघडलं. सुई सरसर वर चढली.

"ही बारा-तीसची टेकडी. आठवड्यात अशा सहा आहेत. सातवी सकाळी सव्वासातची, गुरुवारची. डॉक्टर, गुरुवारी तुमचा दवाखाना बंद असतो, म्हणून सकाळीच येता ना?"

धाकट्याने मान डोलावली. मामांच्या डोक्यात आत्ता कुठे दिवा पेटला. पाच तास! फळ तोडून व्हरांड्यात पाच तास उकडत होतं, गुरुवार सोडून रोज.

"फितूर कोणीच नाही," भाची म्हणाली. "तिघंही खरं बोललात. उशीर फळावर लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दुकानात दिसतो. शेजारी एक व्यवस्थापक आहे आणि एक किल्ली. सव्वासातला त्यांचं फळ गारठ्यात असतं. तुमच्या फळाला भागीदारीपत्र दाराबाहेर उभं करतं."

मोठ्याने दोन्ही कुलपं उचलली. एक खिशात टाकलं आणि दुसऱ्याची किल्ली मुकादमबाईंपुढे धरली.

बाईंनी हात पुढे केला नाही. "आधी लिहून द्या, दादा. तुमच्या त्या पत्रात."

मोठ्याने वकिलाला बोलावणं धाडलं. तो येईपर्यंत धाकट्याने खिशातला औषधाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि सवयीने लिहिलं: किल्ली मुकादमबाईंकडे. रोज एकदा, सकाळी सातला. न चुकता.

खाली दोघांनी सह्या केल्या. मग बाईंनी किल्ली घेतली आणि पहिला क्रेट स्वतः उचलला.